पाप आणि विवेक: जवळच्या सत्याविषयीचे अंधत्व

पापाचा विचार सामान्यतः आचरणाच्या अंगाने होतो. चोरी, व्यभिचार, खोटी साक्ष, हिंसा अशा कृत्यांची यादी समोर ठेवली जाते आणि बुद्धीने इच्छेला आवर घालून ती टाळावीत, असा उपदेश केला जातो. या उपदेशात बुद्धी स्वतः निर्दोष आहे आणि दोष काय तो वासनेत किंवा दुबळ्या इच्छाशक्तीत आहे, असे न बोलता गृहीत धरलेले असते. ख्रिस्ती धर्मविचारातील एका दीर्घ परंपरेने हे गृहीतच नाकारले आहे. तिच्या मते पापाचा परिणाम मनुष्याच्या हातापायांवर आणि वासनांवर होतो तसाच तो त्याच्या विचारशक्तीवरही होतो, आणि हा परिणाम इतर सर्व परिणामांपेक्षा अधिक धोक्याचा असतो, कारण ज्या शक्तीने दोष ओळखायचा तीच शक्ती येथे दोषाला बळी पडलेली असते. कृत्याचे पाप निदान दिसते. निवाड्याचे पाप करणाऱ्याला आपला निवाडा बरोबरच वाटतो.

हा विचार नीट समजण्यासाठी दोन संज्ञा स्पष्ट करून घेणे इष्ट ठरेल. विवेक म्हणजे येथे खरेखोटे आणि बरेवाईट यांचा निवाडा करण्याची ती शक्ती, जिच्यामुळे मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे असे म्हणण्याला काही अर्थ प्राप्त होतो. तिच्यात अनुमान, स्मरण, तुलना आणि महत्त्वाच्या गोष्टीकडे लक्ष देणे या सर्वांचा समावेश होतो. पाप म्हणजे एखाद्या आज्ञेचा भंग एवढाच मर्यादित अर्थ येथे अभिप्रेत नाही. ऑगस्टीनच्या (३५४-४३०) मांडणीत पाप हे मुळात प्रेमाची विस्कटलेली व्यवस्था आहे: जे सर्वांत प्रिय असावयास हवे ते बाजूला पडते आणि स्व त्याच्या जागी येतो. मार्टिन लूथरने १५१५-१६ मध्ये रोमकरांस लिहिलेल्या पत्रावर दिलेल्या व्याख्यानांत पापी मनुष्याचे वर्णन स्वतःकडेच वळलेला, स्वतःभोवतीच वाकलेला असे केले, तेही याच अर्थाने. मनुष्य जर असा स्वतःकडे वाकलेला असेल, तर त्याची विचारशक्ती तेवढी सरळ कशी राहील, हा पुढचा प्रश्न आपोआपच येतो.

उत्पत्तीच्या पुस्तकातील तिसरा अध्याय हा प्रश्न सिद्धान्ताच्या भाषेत मांडत नाही, पण त्यातील कथेत एक संपूर्ण तर्कप्रक्रिया उलगडलेली आहे. सर्प प्रथम निषेधाला फुगवून विचारतो, जणू देवाने बागेतील सर्वच झाडे वर्ज्य केली आहेत. स्त्री त्याची चूक दुरुस्त करते, परंतु दुरुस्ती करता करता फळाला स्पर्शही करू नये अशी, आधीच्या अध्यायातील आज्ञेत नसलेली भर तिच्या उत्तरात पडते. निषेध तिच्या मनात आधीच थोडा जाचक झालेला आहे. त्यानंतर ती झाडाकडे पाहते आणि तीन गोष्टी ध्यानात घेते: फळ खाण्यास चांगले आहे, दिसण्यास रमणीय आहे, आणि ते शहाणपण देणारे आहे. या तिन्हींपैकी पहिल्या दोन गोष्टी बागेतील झाडांविषयी आधीच्याच अध्यायात निवेदकाने स्वतः सांगितलेल्या आहेत, म्हणजे त्या खऱ्याच आहेत. तिसरीतही सर्वस्वी असत्य नाही, कारण पुढे दोघांचेही डोळे उघडतात. विधाने खरी असूनही निष्कर्ष विनाशक ठरतो, कारण ज्याने हे झाड लावले त्याने काय सांगितले होते, ही चौथी गोष्ट मोजणीतून गळाली आहे. मग देवाने जाब विचारल्यावर आदाम जे उत्तर देतो त्यातही वस्तुस्थितीचा विपर्यास नाही. स्त्री देवानेच दिली होती, फळ तिनेच दिले होते आणि ते त्याने खाल्लेही होते. खऱ्या गोष्टी केवळ अशा क्रमाने लावल्या आहेत की शेवटी दोष ती स्त्री देणाऱ्या देवाच्याच माथी जावा. पापाने बिघडलेली बुद्धी म्हणजे चुकीची बेरीज करणारी बुद्धी अशी जी समजूत आढळते, तिला ही कथा आधार देत नाही. बेरीज बहुधा बिनचूकच असते. कोणता आकडा घ्यायचा आणि कोणता सोडायचा, हे मात्र आधीच ठरलेले असते.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, जे इसवी सन ५७ च्या सुमारास करिंथ येथून लिहिले गेले असे बहुतेक अभ्यासक मानतात, हीच गोष्ट सार्वत्रिक पातळीवर मांडली आहे. पहिल्या अध्यायाच्या उत्तरार्धात तो म्हणतो की मनुष्यांना देवाविषयी काहीच ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक होते, परंतु ते सत्य त्यांनी अनीतीने दाबून ठेवले. त्याच्या विवेचनातील क्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. आधी देवाचा गौरव करणे आणि त्याचे आभार मानणे थांबते, मग विचार पोकळ होतात, मग मन अंधारते, आणि सरतेशेवटी स्वतःला शहाणे म्हणवता म्हणवता मनुष्य मूर्ख ठरतो. बौद्धिक ऱ्हासाचे मूळ पौल बुद्धीत शोधत नाही, ते तो कृतघ्नतेत शोधतो. ग्रीक तत्त्वज्ञांच्या एका प्रमुख प्रवाहाने दुराचरणाचे कारण अज्ञान मानले होते आणि म्हणून त्यावरचा उपाय शिक्षण मानला होता; पौल या कारणपरंपरेला उलटे वळण देतो, कारण त्याच्या मते दुराचरणातूनच एका विशिष्ट प्रकारचे अज्ञान निपजते आणि ते अज्ञान मनुष्याला हवेहवेसे असते.

या विवेचनाचा वाचकावर होणारा परिणामही पौलाने योजून ठेवलेला दिसतो. मूर्तिपूजक जगाच्या दोषांची यादी लांबत जाते, सश्रद्ध वाचक मान डोलावत जातो, आणि दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात पौल त्याच्याकडे वळून म्हणतो की दुसऱ्याला दोषी ठरवणाऱ्या तुलाही निमित्त सांगता येणार नाही, कारण तूही तेच करतोस. मूळ पत्रात अध्याय नव्हते. आज रूढ असलेली अध्यायांची विभागणी तेराव्या शतकात स्टीफन लँग्टन याच्या काळी आली. पत्र एका बैठकीत ऐकणाऱ्या रोममधील मंडळीला मध्ये थांबण्याची सोय नव्हती, ती सोय नंतरच्या वाचकांना मिळाली, आणि त्यांपैकी पुष्कळांनी तिचा भरपूर उपयोग करून घेतला असे म्हणावे लागते.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पापाने विचारशक्तीच बिघडली असेल, तर पापाने विचारशक्ती बिघडते हा विचारही बिघडलेल्या शक्तीचाच नाही काय? मग त्यावर विश्वास का ठेवावा? ख्रिस्ती विचारवंतांपैकी ज्यांनी या आक्षेपाला गंभीरपणे घेतले त्यांनी बुद्धीचा सरसकट नाश झाल्याचे कधीच म्हटले नाही. थॉमस अक्वायनस (१२२५-१२७४) याने आपल्या सुम्मा थिओलोजिए या ग्रंथात आद्य पापामुळे मानवी स्वभावाला झालेल्या चार जखमा सांगितल्या आहेत: अज्ञान, दुष्टबुद्धी, दुर्बलता आणि वासनेची अनावरता. यांपैकी पहिली जखम विवेकाची. पण तिच्याविषयी बोलताना विवेकाची धार बोथट होते ती विशेषतः काय करावे या व्यवहाराच्या प्रश्नांत, असा महत्त्वाचा भेद तो करतो. जाँ काल्व्हिन (१५०९-१५६४) हा मानवी स्वभावाविषयी अक्वायनसपेक्षा पुष्कळच कठोर लेखक मानला जातो, आणि तरीही त्याच्या इन्स्टिट्यूट्स या ग्रंथाच्या १५५९ च्या अंतिम आवृत्तीत ऐहिक गोष्टींचे ज्ञान आणि स्वर्गीय गोष्टींचे ज्ञान असा फरक करून तो प्राचीन कायदेपंडित, वैद्य, गणिती आणि तत्त्वज्ञ यांची तोंडभरून स्तुती करतो. सत्य कोठेही आढळले तरी ते देवाच्या आत्म्यापासूनच येते, म्हणून परधर्मीयाच्या मुखातून आलेले सत्य तुच्छ मानणे म्हणजे त्या आत्म्याचाच अपमान करणे होय, असे त्याचे म्हणणे आहे. सुधारणावादी परंपरेत मनुष्याची भ्रष्टता सर्वांगीण आहे असे जे म्हटले जाते, त्याचा अर्थ मनुष्याचे कोणतेही अंग पापाच्या स्पर्शातून सुटलेले नाही असा आहे. प्रत्येक अंग पूर्णपणे नासले आहे असा अर्थ त्यातून काढणे ही त्या परंपरेविषयीची एक अतिशय रूढ गैरसमजूत आहे.

या भेदाला नेमके रूप दिले ते स्विस धर्मविचारवंत एमील ब्रुनर (१८८९-१९६६) याने. झुरिच येथे अध्यापन करणाऱ्या ब्रुनरने १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साक्षात्कार आणि विवेक यांवरील ग्रंथात असे प्रतिपादन केले की एखादा विषय मनुष्याच्या अस्तित्वाच्या गाभ्याच्या जितका जवळ, तितका त्या विषयातील विचारावर पापाचा परिणाम अधिक. गणितात तो जवळजवळ शून्य असतो. ख्रिस्ती गणित आणि अख्रिस्ती गणित असे काही नसते. निसर्गविज्ञानांतही तो अल्पच असतो. इतिहास, कायदा, अर्थकारण, नीती या विषयांकडे येता येता तो वाढत जातो, कारण तेथे अभ्यासकाचे स्वतःचे हितसंबंध, त्याचा वर्ग, त्याचा देश आणि त्याचा मान गुंतलेला असतो. आणि देवाविषयीच्या व स्वतःविषयीच्या विचारात तो सर्वाधिक असतो. कार्ल बार्थशी १९३४ साली झालेल्या प्रसिद्ध वादामुळे ब्रुनरचे नाव निसर्गसिद्ध ईश्वरज्ञानाच्या प्रश्नाशी जोडले गेले आणि ही सूत्रबद्ध मांडणी काहीशी मागे पडली, हे या विषयाच्या दृष्टीने नुकसानकारकच झाले. कारण वरील आक्षेपाचे उत्तर याच मांडणीत आहे. बुद्धी सर्वत्र सारखी अविश्वसनीय नसते. दूरच्या प्रकरणात ती न्यायाधीशासारखी वागते आणि आपल्या प्रकरणात मात्र, त्याच आसनावर बसून, वकीलपत्र घेते.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील दावीद राजाचे आख्यान या सूत्राचे सर्वांत नेमके उदाहरण म्हणता येईल. राजाने उरीया हित्ती या आपल्या सैनिकाच्या पत्नीचा, बथशेबेचा, उपभोग घेतला आणि ती गरोदर राहिल्याचे कळताच उरीयाला युद्धभूमीवरून बोलावून घरी पाठवण्याचा प्रयत्न केला. सोबतचे सैनिक उघड्या मैदानावर असताना आपण घरी जाऊन सुखाने निजणार नाही, असे म्हणून उरीया राजवाड्याच्या दारातच झोपला, तेव्हा राजाने त्याच्या मृत्यूची आज्ञा असलेले पत्र त्याच्याच हाती देऊन सेनापती यवाबाकडे रवाना केले. या सर्व काळात दावीदाची बुद्धी मंद झालेली नाही. योजना, पर्यायी योजना, वेळेचा अंदाज, माणसांच्या स्वभावाची पारख, सर्व काही तल्लख आहे. मृत्यूची वार्ता आल्यावर तर यवाबाने मनाला लावून घेऊ नये, तलवार कधी याचा तर कधी त्याचा घास घेतेच, अशा आशयाचा निरोप तो पाठवतो. युद्धाविषयीचे हे एक निर्विवाद सत्य आहे आणि खून झाकण्यासाठी याहून सोयीचे सत्य सापडणे कठीण.

मग नाथान संदेष्टा येतो आणि राजासमोर एक फिर्याद मांडतो: एका श्रीमंताने, स्वतःचे कळप असताना, पाहुण्यासाठी गरीब शेजाऱ्याची एकुलती एक मेंढी मारली, जी त्याच्या ताटातले खात असे आणि त्याच्या उराशी निजत असे. दावीद संतापतो आणि तत्काळ निकाल देतो की त्या माणसाने चौपट भरपाई करावी. चोरलेले मेंढरू मारल्यास किंवा विकल्यास एकाच्या बदली चार मेंढरे द्यावीत, असा निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात कायदा आहे. तो राजाला कलमासह पाठ आहे. गरिबावरील अन्याय त्याला जाणवतो, दया न दाखवणे हाच मुख्य अपराध आहे हेही तो अचूक टिपतो. एवढेच की त्या माणसाला मृत्युदंड व्हावा असेही तो म्हणून जातो, जो मेंढराच्या चोरीला कायद्यात नाही. स्वतःच्या अपराधाविषयी महिनोन्‌महिने गप्प असलेला विवेक परक्याच्या अपराधाविषयी कायद्याच्याही पुढे धावतो. तो माणूस तूच आहेस, हे नाथानाने सांगावे लागते, राजाला स्वतःहून सुचत नाही. आणि यात खरे शिकण्यासारखे हे आहे की निष्कर्षापर्यंत पोहोचण्यासाठी दावीदाला कोणतीही नवी माहिती लागली नाही. सर्व माहिती त्याच्याकडे आधीपासूनच होती.

ऑगस्टीनने आपल्या कन्फेशन्स या आत्मकथनात, जे ३९७ ते ४०० च्या दरम्यान लिहिले गेले, स्वतःच्या बाबतीत हेच निरीक्षण नोंदवले. मिलान येथे ३८६ साली त्याचे मतपरिवर्तन झाले तेव्हा त्याच्या बौद्धिक शंका बऱ्याच आधी फिटलेल्या होत्या. देव निराकार असू शकतो हे त्याला प्लेटोपंथीयांच्या ग्रंथांनी पटवले होते, आणि तरीही तो हलत नव्हता, कारण पटलेल्या गोष्टीची किंमत मोजण्यास मन तयार नव्हते. सत्य प्रकाश देते तोवर माणसे त्यावर प्रेम करतात आणि ते आपल्यावर दोष ठेवू लागले की त्याचा द्वेष करतात, हे त्याचे निरीक्षण मानसशास्त्राच्या आधुनिक प्रयोगशाळांच्या कितीतरी आधीचे आहे. परंतु याच ऑगस्टीनने उत्तर आफ्रिकेतील डोनाटसपंथीय ख्रिस्ती लोकांविरुद्ध राजसत्तेने बळाचा वापर करावा की नाही, या प्रश्नावर आपले आधीचे विरोधी मत बदलले, आणि ४०८ च्या सुमारास लिहिलेल्या एका पत्रात, बळाच्या भीतीने कितीतरी गावे मूळ मंडळीत परतल्याचे फळ दिसले म्हणून आपले मत बदलल्याचे त्याने सांगितले. लूकच्या शुभवर्तमानातील मेजवानीच्या दाखल्यात लोकांना आग्रहाने आत आणण्याची जी आज्ञा आहे, तिचा आधारही या धोरणाला दिला गेला आणि पुढील शतकांत तो फार महाग पडला. स्वतःच्या वासनेपुढे बुद्धी कशी लाचार होते हे ज्याने इतक्या सूक्ष्मतेने पाहिले, त्याला संस्थेच्या यशापुढे ती कशी लाचार होते हे तितक्या सूक्ष्मतेने दिसले नाही. वासना त्याने परकी करून टाकली होती. मंडळी मात्र त्याची स्वतःची होती.

या सिद्धान्ताचा सर्वांत मोठा दुरुपयोगही याच जागी सुरू होतो. विरोधकाचे मत चुकीचे का, याचे उत्तर युक्तिवादाने देण्याऐवजी, पापामुळे किंवा अहंकारामुळे त्याला सत्य दिसत नाही असे म्हणता येते, आणि असे म्हणणाऱ्याला हरवणे अशक्य असते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती इतिहासात याचे एक बोलके प्रकरण पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) पत्रव्यवहारात जतन झाले आहे. इंग्लंडमध्ये वाँटेज येथे १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, परंतु त्रैक्याचा सिद्धान्त आणि पंथाची अन्य काही मते स्वतःच्या बुद्धीला पटल्याशिवाय स्वीकारण्यास त्या तयार नव्हत्या. त्यांच्या आध्यात्मिक माता मानल्या गेलेल्या सिस्टर जेराल्डीन यांना या चिकित्सेत गर्व दिसला आणि आज्ञाधारकता व नम्रता यांचा उपदेश सुरू झाला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे लाहोर आणि मुंबई येथील बिशपांचे मत पडले तेव्हा, भारतात पुरुषांच्या सभांतून व्याख्याने दिलेल्या या विदुषीने, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मुक्त होऊन आपण दुसऱ्याच्या जोखडात मान देणार नाही, अशा आशयाचे उत्तर दिले. रमाबाईंची त्या काळची त्रैक्यविषयक मते पारंपरिक ख्रिस्ती कसोटीला उतरत नाहीत, हे मान्य केलेच पाहिजे. त्या वादात गर्व मुळीच नव्हता असेही म्हणता येणार नाही. पण तो कोठे कोठे होता हे ठरवण्याचा अधिकार वादातील एकाच पक्षाने स्वतःकडे ठेवला होता, आणि तो पक्ष राज्यकर्त्या समाजाचा होता. एका भारतीय विधवेच्या मनातील गर्व ओळखण्याइतकी तीक्ष्ण असलेली नजर साम्राज्याच्या गर्वावरून मात्र सहज घसरली. पुढे, १८९१ च्या सुमारास, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा निष्कर्षाला रमाबाई स्वतःच आल्या आणि पापाच्या जाणिवेविषयी त्यांनी खोलवर लिहिले. परंतु तेथे त्या स्वतःच्या वाचनाने व प्रार्थनेने पोहोचल्या, वाँटेजच्या ताकिदींनी नव्हे. गोव्यातील अनेक चर्चमधून कोंफ्रारियांचे, म्हणजे धार्मिक बंधुसंघांचे, सदस्यत्व दीर्घकाळ जातीनुसार ठरत आले, हेही येथे ओघानेच आठवते. ख्रिस्ती शिकवणीशी त्याचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न त्या संघांतून मान मिळवणाऱ्यांना फारसा सतावत नसावा.

या सर्वांहून मोठ्या प्रमाणावर आणि अधिक कागदोपत्री पुराव्यासह हा प्रकार दक्षिण आफ्रिकेत घडला, आणि त्यातील विरोधाभास असा की तेथील धर्मपंडित ज्या डच विचारवंताला गुरुस्थानी मानत, त्या अब्राहम काइपरने (१८३७-१९२०) पापाचा विचारशक्तीवरील परिणाम हाच आपल्या ज्ञानमीमांसेचा पाया केला होता. काइपरने १८८० साली अॅमस्टरडॅम येथे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन केले आणि पुढे १९०१ ते १९०५ या काळात तो नेदरलँड्सचा पंतप्रधान होता. पापाने बुद्धी ग्रस्त असल्यामुळे श्रद्धेने नवा जन्म पावलेल्या आणि न पावलेल्या मनुष्यांचे शास्त्रही मुळापासून दोन प्रकारचे असते, असे तो म्हणे. प्रिन्स्टन येथे १८९८ साली दिलेल्या त्याच्या विख्यात व्याख्यानांतच मात्र आफ्रिकेतील समाजांना मानवी विकासाच्या खालच्या पायरीवर बसवणारी विधाने आढळतात. युरोपीय वंशगर्व हाही बुद्धीवरील पापाच्या परिणामांपैकी एक असू शकतो, ही शक्यता या सिद्धान्ताच्या सर्वांत समर्थ पुरस्कर्त्याला शिवलेली दिसत नाही.

केपमधील डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभेने १८२९ साली प्रभुभोजन वर्ण किंवा वंश यांचा भेद न करता सर्वांना एकत्र द्यावे, असे ठरवले होते. १८५७ साली त्याच सभेने हे तत्त्व शास्त्राला धरून आहे असे पुन्हा म्हटले, आणि पुढे अशी पुस्ती जोडली की काही लोकांच्या दुर्बलतेमुळे जेथे ते कार्याला बाधक होईल तेथे स्थानिक ख्रिस्ती लोकांची उपासना वेगळ्या इमारतीत व्हावी. दुर्बल कोण, तर काळ्या माणसाशेजारी बसण्यास राजी नसलेले गोरे सभासद. म्हणजे ठराव करणाऱ्यांना दोष कोठे आहे हे ठाऊक होते आणि त्यांनी तो दोष या नात्यानेच नोंदवला होता. १८८१ साली अशा वेगळ्या काढलेल्या सभासदांसाठी स्वतंत्र मिशन चर्च निघाले. मग काळाच्या ओघात सवलतीचे तत्त्व झाले. बायबलच्या आफ्रिकान्स भाषांतरात प्रमुख वाटा असलेला कवी व धर्मपंडित जे. डी. दु टॉइट याने १९४४ साली ब्लूमफाँटेन येथील एका परिषदेत उत्पत्तीतील निर्मितीकथा आणि बाबेलचा बुरूज यांच्या आधारे देव हा विभागणी करणारा आहे, म्हणून राष्ट्रांचे विभाजन त्याच्याच इच्छेनुसार आहे, असे प्रतिपादन केले. प्रेषितांच्या कृत्यांतील सतराव्या अध्यायात देवाने राष्ट्रांच्या सीमा ठरवल्या असे जे म्हटले आहे, त्याचाही या विचारसरणीत वारंवार आधार घेतला गेला. त्याच वाक्याच्या पूर्वार्धात देवाने सर्व राष्ट्रे एकापासूनच उत्पन्न केली असे म्हटले आहे, तो पूर्वार्ध दिसूनही दिसेनासा झाला. एदेनमधल्या मोजणीतून गळालेली चौथी गोष्ट ज्या जातीची, तीच ही.

शार्पव्हिल येथे मार्च १९६० मध्ये पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मारली गेल्यानंतर त्याच वर्षाच्या डिसेंबरात कॉट्सलो येथे चर्चची एक परिषद भरली आणि केप व ट्रान्सवाल येथील डच रिफॉर्म्ड प्रतिनिधींनी वर्णभेदावर टीका करणाऱ्या निवेदनावर सह्या केल्या. परंतु पंतप्रधान फर्वूर्ड यांची नाराजी प्रकट होताच धर्मसभांनी ते निवेदन झिडकारले. त्या प्रतिनिधींपैकी बेयर्स नॉडे यांनी माघार घेतली नाही आणि १९६३ साली त्यांना व्यासपीठ सोडावे लागले. येथे बुद्धीचा तुटवडा कोणत्याही टप्प्यावर नव्हता. व्याकरण, भाष्य, इतिहास, तर्क यांत निष्णात असलेली माणसे होती. त्यांच्यापाशी नसलेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे निर्णयाचा भार सोसणाऱ्याचा शब्द ऐकण्याची इच्छा. मनाचे नूतनीकरण व्हावे, असे जे पौल रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात सांगतो, ते एकट्याच्या चिंतनातून क्वचितच होते. ख्रिस्ती परंपरेत ते कृपेचे कार्य मानले जाते, आणि कृपा बहुधा दुसऱ्या माणसाच्या तोंडून, तेही नको असलेल्या माणसाच्या तोंडून, बोलते. दक्षिण आफ्रिकेत नाथानाचे काम करणारा आवाज उठला तो १८८१ साली वेगळे काढलेल्या त्याच मिशन चर्चमधून. या चर्चने १९८२ साली वर्णभेदाचे धार्मिक समर्थन शुभवर्तमानाशी विसंगत ठरवणारे बेलहार येथील विश्वासनिवेदन तयार केले व १९८६ मध्ये ते विधिवत स्वीकारले. त्याच १९८२ मध्ये ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चच्या जागतिक संघटनेने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन हा पाखंड असल्याचे जाहीर केले.

नोव्हेंबर १९९० मध्ये रस्टनबर्ग येथील परिषदेत स्टेलनबॉश विद्यापीठातील धर्मविज्ञानाचे प्राध्यापक विली यॉन्कर यांनी स्वतःच्या वतीने आणि आपल्या चर्चच्या वतीने वर्णभेदाच्या अन्यायातील सहभागाची कबुली दिली, आणि डेस्मंड टूटू यांनी तेथेच उभे राहून ती स्वीकारली. कबुलीत असे काहीच नव्हते जे १८५७ च्या ठरावात दुर्बलता या एका शब्दात आधीच लिहून ठेवलेले नव्हते. त्या शब्दापासून या कबुलीपर्यंत पोहोचण्यास १३३ वर्षे लागली.